हिट कुणाला म्हणायचं

डंडॉकला आले तेव्हा माझ्याकडे संख्याशास्त्राची एम.एस्सी. होती, अमरावतीच्या एका कॉलेजात दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव होता आणि पासपोर्टवर एक शिक्का होता. नवऱ्याच्या शिक्क्यानं त्याला काम करायची परवानगी दिली होती. माझ्या शिक्क्यानं मला त्याच्याबरोबर राहायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आयर्लंडमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांना मागणी होती, आणि त्यांच्या बायकांनी काय करायचं याचा विचार कुणी केलेला नव्हता.

नवरा सकाळी आठला निघायचा. मी घर आवरायचे, स्वयंपाकघरातली कपाटं पुसायचे. तिथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात हे मला ती चार वेळा पुसून झाल्यावर कळलं. मग कोट चढवून बाहेर पडायचे आणि पाय दुखेपर्यंत चालायचे. गाव लहान. समुद्राकडून येणारा वारा सदानकदा तोंडावर. महिन्याभरात सगळे रस्ते पाठ झाले आणि मला स्वतःचा राग यायला लागला, की मी चालते कशाला आणि परत येते कशाला.

असंच एका रविवारी तंत्रशिक्षण संस्थेच्या मागच्या बाजूला गेले. तिथे फुटबॉलच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात चुन्यानं चौकोन आखलेला दिसला, आणि मी जागच्या जागी थांबले. तो चौकोन मला कुठेही ओळखू आला असता. आमच्याकडे, विदर्भात, मुलींच्या शाळांतून सॉफ्टबॉल जोरात चालतो. मी शाळेत खेळले, विद्यापीठाकडून खेळले, आणि गुडघा गेल्यावर दोन वर्षं स्कोअर लिहीत बसले. इथे मुलगे बेसबॉल खेळत होते. चेंडू लहान, पिचर वरून फेकतो, बाकी खेळ तोच.

सामना चालू होता. पन्नाशीचा एक माणूस काखेत स्कोअरबुक धरून भिजत उभा होता. तेवढ्यात एक चेंडू सरळ तिसऱ्या बेसवरच्या मुलाकडे गेला, त्याच्या ग्लव्हमध्ये लागला आणि दोन पायांमधून मागे निघून गेला. बॅटर पहिल्या बेसवर पोचला. त्या माणसानं पेन्सिल काढली आणि स्वतःशीच म्हणाला, “हिट.”

“एरर,” मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

त्यानं वळून पाहिलं. साडीवर कोट घातलेली बाई, पायात बूट.

“कोण म्हणतं?”

“चेंडू त्याच्या हातात आला होता. साधा होता. त्यानं सोडला. हिट कसा?”

त्यानं क्षणभर माझ्याकडे, मग पावसाकडे पाहिलं आणि स्कोअरबुक माझ्या हातात दिलं. “मग तुम्हीच लिहा.”

तो त्या मुलांचा कोच होता. वीस वर्षं बोस्टनला गवंडीकाम करून परत आलेला, आता संस्थेत बांधकाम शिकवायचा. बेसबॉलचं वेड तिकडून घेऊन आला होता. संघ काढून एकच वर्ष झालं होतं. पहिल्या हंगामात संस्थेच्या कँटीनमधली एक बाई स्कोअर लिहायची. ती निवृत्त झाली, कमरेचं ऑपरेशन झालं, आणि आता लिहायला कुणी नव्हतं. “पैसे देता येणार नाहीत,” तो संकोचून म्हणाला. मी म्हटलं, मला ते घेताही येणार नाहीत.

तो उन्हाळा बरा गेला, असं आता वाटतं. तेव्हा रोज काही ना काही कटकट होती. दर रविवारी सामना, कधी घरी, कधी डब्लिनला, कधी सीमेपलीकडे बेलफास्टला. सीमा ओलांडायची तर मला वेगळा व्हिसा लागायचा, म्हणून तिकडच्या सामन्यांना मी नसायचे आणि कोच कागदाच्या कपट्यांवर काहीतरी खरडून आणायचा. सोमवारी मी ते कपटे पुस्तकात उतरवत बसायचे आणि फोन करून विचारायचे, “तीन आउट झाले की इनिंग संपते, मग चौथ्या इनिंगमध्ये तुमचे चार जण आउट कसे झाले?”

पण खरा वाद हिटवरून झाला.

क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी फलंदाजाच्या धावा फलंदाजाच्याच. इथे तसं नाही. चेंडू मारला, आणि समोरच्यानं तो नीट अडवायला हवा होता पण त्याच्याकडून सुटला, तर बॅटर बेसवर पोचतो खरा, पण त्याच्या नावावर हिट लागत नाही. समोरच्याच्या नावावर एरर लागतो. आणि हे ठरवतो कोण, तर कडेला खुर्चीत बसलेला स्कोअरर. बॅटरनं किती वेळा बॅटिंग केली आणि त्यातल्या किती वेळा हिट मारला, यावरून त्याची सरासरी निघते. म्हणजे सरासरी अर्धी त्याच्या बॅटमधून येते आणि अर्धी माझ्या पेन्सिलीतून.

मी मला शिकवलं होतं तसं लिहिलं. एरर तो एरर. हंगामाच्या मध्यावर कोचनं सगळ्यांच्या सरासऱ्या कपडे बदलायच्या खोलीत लावल्या, शेजारी मागच्या वर्षीच्या. जवळजवळ प्रत्येकाची उतरली होती. सगळ्यात जास्त उतरली होती ती एका उंच मुलाची. मोनॅहनकडच्या शेतकरी घरातला, बांधकामाच्या दुसऱ्या वर्षाला, मागच्या हंगामात संघातला पहिल्या नंबरचा बॅटर. तो कागद हातात घेऊन सरळ माझ्या खुर्चीपाशी आला.

“मागच्या वर्षी मी चांगला होतो,” तो म्हणाला, “आणि तुम्ही आलात आणि मी वाईट झालो?”

“तू वाईट नाहीस झालास. मी फक्त एरर मोजते.”

“मागच्या वर्षी एरर नव्हते?”

“असतील. लिहिलेले नाहीत.”

“म्हणजे मागचं वर्ष खोटं?”

मी म्हटलं, खोटं नाही, वेगळं. तो मान हलवून गेला. त्या दिवसापासून मी आले की मुलं गप्प व्हायची. कोचसुद्धा एकदा चहाचा कप देताना म्हणाला, “थोडं सैल सोडलं तर काय बिघडेल? पोरं आहेत.” मी म्हटलं, मग माझी गरजच काय, सगळ्यांना हिट द्या आणि घरी जा. तो हसला, पण मला हसू आलं नाही. या गावात माझं जे ज्ञान कुणाला तरी लागत होतं ते एवढंच होतं, आणि तेसुद्धा थोडं कमी वापरा अशी विनंती होत होती.

त्याच उन्हाळ्यात माझी आई अमरावतीहून दोन महिने आली. एका रविवारी तिला मैदानावर नेलं. ती शाल गुंडाळून माझ्या बाजूला बसली, अर्धा तास माझी पेन्सिल पाहत राहिली आणि मग म्हणाली, “काय करून रायली वं तू हे?”

मी तिला हिट आणि एरर समजावून सांगितलं.

“म्हंजे एवढं शिकून तू दुसऱ्याच्या पोरायच्या चुका मोजून रायली?”

मला इतका राग आला की पुढच्या दोन चेंडूंची नोंदच राहिली.

पुढच्या वर्षी संघाचा तिसरा हंगाम, म्हणजे माझा दुसरा, संपला, सप्टेंबर लागला, आणि कोच एका दुपारी आमच्या घरी आला. पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात बसला, पोहे खाल्ले, तिखट लागले तरी संपवले. मग म्हणाला की संस्थेच्या क्रीडा विभागाला आता त्या कोपऱ्याचा दुसरा उपयोग करायचा आहे. फुटबॉलवाल्यांना सरावाला जागा पुरत नाही. बेसबॉलनं जागा ठेवायची असेल तर संघ प्रगती करतो आहे हे दाखवा, असं क्रीडा अधिकाऱ्यानं सांगितलं आहे. सामने आपण फारसे जिंकलेले नाहीत, पण बॅटिंग सुधारली आहे, हे डोळ्यांना दिसतं. तर तीन हंगामांच्या बॅटिंगची तुलना करून एक अहवाल द्यायचा.

“तुम्ही एवढंच दाखवा की पोरं सुधारली,” तो म्हणाला.

“सरासऱ्या उतरल्यात,” मी म्हणाले.

“त्या तुमच्यामुळे उतरल्यात.”

“माहीत आहे. पण कागदावर तसं दिसत नाही.”

तो गेल्यावर मी तिन्ही हंगामांची स्कोअरबुकं टेबलावर मांडली आणि नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर आकडे भरायला बसले. दोन हंगाम माझे होते, ते सरळ होते, पण त्या दोघांतला फरक इतका थोडा की त्यावर काही म्हणता येईना. पहिला हंगाम कँटीनच्या बाईंचा होता. सुंदर, गोल अक्षर, कुठे खाडाखोड नाही. आणि संपूर्ण हंगामात समोरच्या संघांनी केलेले एरर जवळपास शून्य. कुठलाही संघ इतकं चांगलं खेळत नाही. जगात कुठेच नाही. मग मला वाटलं, बाईंना आठवत असेल तर एकेक नोंद त्यांच्याकडून दुरुस्त करून घेऊ.

बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बसक्या घरात एकट्या राहायच्या. मी पुस्तक घेऊन गेले. त्यांनी चहा केला, मनुके घातलेला गोड पाव कापून त्यावर लोणी थापलं आणि मला ‘पेट’ म्हणाल्या, म्हणजे आपण ‘बाळा’ म्हणतो तसं. मी पुस्तक उघडून पहिल्याच सामन्यातल्या एका हिटवर बोट ठेवलं.

“हा आठवतो?”

त्यांनी चष्मा लावला. “हो तर. त्या उंच पोराचा. चेंडू त्या डब्लिनच्या माणसाच्या छातीवर आदळला आणि खाली पडला.”

“मग हा हिट नाही.”

“त्या आठवड्यात त्याचे आजोबा गेले होते, पेट. अंत्यविधी करून तसाच खेळायला आला होता.”

मी पुढच्या नोंदीवर गेले. तीही त्यांना आठवत होती. चेंडू कुठे गेला, कुणाच्या हातातून सुटला, सगळं लख्ख. आणि हिट का लिहिला तेही लख्ख. एकाचे परीक्षेत दोन विषय राहिले होते. एकाची मैत्रीण त्या दिवशी पहिल्यांदाच सामना बघायला आली होती. एकानं पहिल्यांदा चेंडूला बॅट लावली होती, इतके दिवस नुसती हवा कापत होता, मग त्याचा हिट काय काढून घ्यायचा? मी भराभर लिहून घेत होते. बारा-पंधरा नोंदी झाल्यावर लक्षात आलं की मी चुकीच्या बाईकडून दुरुस्ती मागते आहे. त्यांना प्रत्येक सामना आठवत होता खरा, पण एकमेकांत मिसळून. दोनदा त्यांनी एकाच चेंडूची गोष्ट दोन वेगळ्या पानांवर सांगितली. या आठवणीवर मी आकडे बदलले असते तर ती माझी बनवाबनवी झाली असती.

मी पुस्तक मिटलं. बाईंना माझा चेहरा दिसला असणार.

“मी चुकीचं केलं का गं?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. तीन हंगामांच्या कामातला एक अख्खा हंगाम त्यांच्या मायेपायी वाया गेला होता. मी म्हटलं, “नाही, नाही.” मग विचारलं, “एक सांगा. कुणी तीन वेळा हुकून बाद झाला, म्हणजे स्ट्राइक आउट, तर तेही कधी सोडून दिलंत?”

त्या एकदम ताठ झाल्या. “ते कसं सोडणार? तीनदा हुकला तर हुकला. अंपायर ओरडतो, सगळं मैदान बघतं. ते मी लिहिलंच. रडू आलं तरी लिहिलं.”

मी घरी जवळजवळ पळत आले.

कारण बाई म्हणाल्या ते खरं होतं. हिट की एरर हे स्कोअरर ठरवतो, पण स्ट्राइक आउट स्कोअररच्या हातात नसतो. तिथे दया दाखवायला जागाच नसते. तेव्हा तिन्ही हंगामांत तुलना करता येईल अशी एकच गोष्ट होती, आमची मुलं किती वेळा हुकली. आणि नशिबानं समोरचा एक पिचरही तोच होता. डब्लिनच्या संघातला, पेशानं दंतवैद्य, बारीक चणीचा, तिन्ही वर्षं आमच्याविरुद्ध तोच यायचा. पहिल्या हंगामात त्याच्यापुढे आमची मुलं येत होती आणि जात होती, बाईंच्या गोल अक्षरात ओळीनं स्ट्राइक आउट, स्ट्राइक आउट. दुसऱ्या हंगामात त्या ओळी विरळ झाल्या होत्या. तिसऱ्यात शोधाव्या लागत होत्या. उंच मुलगा तर शेवटच्या वर्षी त्या दंतवैद्यापुढे एकदाही हुकला नव्हता. ज्याची सरासरी सगळ्यात जास्त पडली होती, तोच सगळ्यात जास्त सुधारला होता.

मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. “सुधारलेत,” मी सांगितलं. “कोण?” तो म्हणाला.

मग मी अहवाल लिहिला. आठवडाभर लिहिला. मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं तसा. आधी आकडे कुठून आले, मग त्यांच्यात काय दोष आहेत, कशाची तुलना करता येते, कशाची नाही, आणि का नाही. पहिल्या पानावर सरासऱ्यांचा तक्ता, कारण तो मागितला होता, आणि खाली ठळक अक्षरांत, की वेगवेगळ्या व्यक्तींनी नोंदी ठेवल्यामुळे पहिल्या हंगामाची पुढच्या दोन हंगामांशी तुलना करणं योग्य नाही. स्ट्राइक आउटचा भाग सातव्या पानावर. त्याच्यापुढे दोन पानं परत सावधगिरीची.

नवऱ्यानं वाचला. पहिल्या पानावरून सातव्या पानावर गेला, परत पहिल्यावर आला.

“अगं, पण मुख्य गोष्ट इथे का नाही?”

“आधी मर्यादा सांगायच्या असतात.”

“कुणाला सांगायच्या असतात?”

“अरे, पद्धत असते. निष्कर्ष आधी टाकला तर तो वजनाशिवाय पडतो.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तुझा विषय आहे.”

तो आणखी भांडला असता तर बरं झालं असतं असं मला पुढे कित्येकदा वाटलं. पण तेव्हा, माझा विषय आहे असं कुणीतरी म्हटलं यातच मी खूश होते.

बैठक ऑक्टोबरात झाली. क्रीडा अधिकारी, आणखी दोघं, कोच आणि मी. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, दारापर्यंत आला, खुर्ची ओढून दिली. त्यानं अहवाल उघडला, पहिलं पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“सरासरी उतरलेली दिसते.”

“ती तशी वाचता येणार नाही,” मी म्हटलं. “खाली लिहिलं आहे.”

“हो, वाचलं. म्हणजे तुलना करता येत नाही.”

“सरासरीची करता येत नाही. पण सातव्या पानावर—”

“मला फक्त समजून घ्यायचंय,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “एक तर पोरांचा खेळ बिघडलाय, नाहीतर बिघडलाय की सुधारलाय ते आपल्याला माहीत नाही. या दोनातलं कुठलं?”

“दोन्ही नाही. कृपया सातवं पान बघा.”

त्यानं पानं उलटली. सातवं पान आलं, त्याची नजर वरून खाली फिरली. मी बोलायला सुरुवात केली. हिट कोण ठरवतं, एरर म्हणजे काय, कँटीनच्या बाई, दंतवैद्य पिचर. माझं इंग्रजी घाईत अडखळतं, ते अडखळलं. दोन मिनिटांत मी पाहिलं की तो मान हलवतो आहे आणि ऐकत नाही. “म्हणजे ते कमी वेळा हुकतात,” तो म्हणाला, “पण हिट जास्त मारत नाहीत.”

“मारतात! ते दिसत नाही कारण—”

“ग्रँड,” तो म्हणाला. “ग्रँड. खूप मेहनतीचं काम आहे. थँक्स.”

आयर्लंडमध्ये राहिलेल्या माणसाला माहीत असतं की ‘ग्रँड’चे पन्नास अर्थ आहेत. हा त्यातला बैठक संपल्याचा होता. अहवालाच्या सगळ्या नऊ पानांमध्ये एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि त्या खोलीतून मी एखाद्या नापास मुलीसारखी बाहेर आले.

आठ दिवसांनी पत्र आलं. पुढच्या वसंतापासून तो कोपरा फुटबॉलला.

कोच चिडेल हे मला माहीत होतं, पण तो ओरडला नाही. पार्किंगमध्ये त्याच्या गाडीपाशी उभा राहून तो पत्र घडी घालत होता. घडीवर घडी, इतकी की ते काडेपेटीएवढं झालं.

“तुम्हाला माहीत होतं ते सुधारलेत,” तो म्हणाला.

“हो.”

“मग पहिल्या पानावर एक वाक्य का नाही लिहिलंत? ‘पोरं सुधारली.’ दोनच शब्द. खाली पाहिजे तेवढं पुराण लावा.”

“लिहिलं असतं तर त्यांनी सरासरी दाखवून विचारलं असतं, की हे काय.”

“आणि तुम्ही उत्तर दिलं असतंत. आता त्यांनी विचारलंच नाही.”

मी म्हटलं की तुम्ही तरी बैठकीत तोंड का नाही उघडलंत. तो म्हणाला, मी गवंडी माणूस, मला वाटलं शिकलेली बाई बोलते आहे, आपण कशाला मध्ये पडा. त्याचं खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि कोपरा गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते गावाबाहेर एका शेतात खेळले. मेंढ्या हाकलायच्या, लेंड्या गोळा करायच्या, मग चुना टाकायचा. जमीन इतकी उंचसखल होती की साधा चेंडूही कुठेही उडायचा, आणि एरर कशाला म्हणायचं हे ठरवणं मलाही जमेना. ऑगस्टपर्यंत मुलं आठ उरली. नऊशिवाय संघ होत नाही. कुणी संघ बंद केला नाही, तो नुसता एका रविवारी जमला नाही.

काही वर्षांनी नियम बदलले, आमच्यासारख्या बायकांना परवाना मिळू लागला आणि मला एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नोकरी लागली. तिथे मी पहिली गोष्ट शिकले ती म्हणजे मुख्य वाक्य वर लिहायचं. मला ते कुणी शिकवावं लागलं नाही. आणि प्रत्येक वेळी तसं लिहिताना मला स्वतःचा राग यायचा, कारण ते वाक्य वर लिहायला काहीच लागत नव्हतं. अक्कल नाही, परवाना नाही, कुणाची मेहेरबानी नाही.

दोन हजार सातमध्ये आम्ही डब्लिनजवळच्या नास गावात घर घेतलं आणि डंडॉक सोडायच्या तयारीत होतो. सामान बांधायला खोके आणायला गेले होते तेव्हा सुपरमार्केटच्या दारात तो उंच मुलगा भेटला. आता मुलगा नव्हता. केस विरळ झाले होते, स्वतःचं बांधकामाचं काम होतं, गाडीवर शिड्या बांधलेल्या. त्यानंच ओळखलं.

“एरर!” तो म्हणाला. माझ्या माघारी मुलं मला तेच म्हणत, हे मला त्या दिवशी कळलं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, “ते शेवटचं वर्ष फार वाईट गेलं माझं. बॅटच लागत नव्हती म्हणून सोडून दिला खेळ.”

मला आधी वाटलं तो चेष्टा करतो आहे.

“शेवटचं वर्ष तुझं सगळ्यात चांगलं होतं,” मी म्हणाले.

“काहीही. त्याही वर्षी भिंतीवर कागद होता की.”

मग त्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ट्रॉल्या चुकवत, मी त्याला दंतवैद्याची गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी तू त्याच्यापुढे किती हुकायचास, आणि शेवटच्या वर्षी एकदाही नाही. तुझ्याइतकं कुणीच सुधारलं नव्हतं. तो ऐकत राहिला.

“हे कधी कळलं तुम्हाला?” शेवटी त्यानं विचारलं.

“त्याच वर्षी. सप्टेंबरात.”

“आणि मला कुणी सांगितलं का नाही?”

अधिकाऱ्यानं वाचलं नाही, म्हणून मी त्याच्यावर सहा-सात वर्षं चिडून होते. कोच गप्प बसला, म्हणून त्याच्यावर. बाईंनी एरर लिहिले नाहीत, म्हणून त्यांच्यावरसुद्धा. आणि ज्यांच्याबद्दल तो सगळा अहवाल होता त्या मुलांना एक कागद दाखवावा हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. ती माझ्यासाठी आकडे होती. त्यांना वाचता येतं, हे मी विसरले होते.

“माझं चुकलं,” मी म्हणाले.

“असू दे,” तो म्हणाला, पण ते काही त्याच्या चेहऱ्यावर उमटलं नाही. त्यानं माझे खोके गाडीत ठेवून दिले आणि गेला.

त्या आठवड्यात सामान अर्धं बांधून झालेलं असताना मी लॅपटॉपवरची जुनी फाइल काढली आणि ज्यांचे पत्ते मिळाले त्या सहा जणांना एकेक पान पाठवलं. प्रत्येकाचं आपापलं, तीन हंगामांचं, वर एकच ओळ: तू सुधारला होतास. दोघांची उत्तरं आली. एकानं ते पान आईला दाखवल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यानं कळवलं की पहिल्या हंगामातला त्याचा एक स्ट्राइक आउट साफ चुकीचा आहे, चेंडू गुडघ्याखाली होता, असा चेंडू सोडला तर स्ट्राइक धरत नाहीत, अंपायर आंधळा होता, आणि तो आकडा मी ताबडतोब दुरुस्त करावा.